मलिद्याच्या ताटाभोवती: बेने इस्राएल गाणी ऐकायला शिकताना

‘ज्यू लोकगीतं ऐकायचीत, सुरुवात कुठून करू?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कुठल्या ज्यूंची? पूर्व युरोपातल्यांची गाणी यिद्दिशमध्ये. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेले त्यांची लादिनोत. कोचीनच्या बायकांची मल्याळममध्ये. आणि कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या बेने इस्राएलांची मराठीत आणि हिब्रूत, कधी एकाच बैठकीत दोन्ही. मराठी माणसाने या शेवटच्या दाराने आत शिरावं. निम्मी भाषा येते, चाली बऱ्याचशा कानावरून गेलेल्या असतात, आणि गाणारी मंडळी ठाण्याला, अलिबागला, फार तर लोकलच्या किंवा एसटीच्या अंतरावर आहेत.

दोन ओळींत पूर्वपीठिका. गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका लागल्या, ही समाजाची परंपरागत कथा. पुढे त्यांनी तेलघाणी चालवली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. हिब्रू जवळजवळ विसरली गेली होती, पण ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना टिकली. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. बाकीची हिब्रू गाणी नंतर आली. कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंच्या सहवासातून आली, पुस्तकांतून आली. तेव्हा इथलं ‘जुनं’ आणि ‘नवं’ यांचा हिशेब आपल्या अंदाजापेक्षा वेगळा निघतो.

१. आधी तिथी, मग गाणं

नवखे लोक इथेच चुकतात. गाणी शोधायला निघतात, यादी करतात, यूट्यूबवर दिवसभर ऐकतात आणि आठवडाभरात कंटाळतात. या समाजात गाणं वेळेला बांधलेलं असतं. भूपाळी रात्री म्हणत नाहीत, तसंच.

ज्यू पंचांग चांद्र आहे आणि ऋतूंशी मेळ ठेवायला त्यातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्याला हे समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बेने इस्राएलांनी सणांना जी मराठी नावं दिली ती मात्र वहीत उतरवून ठेवा, कारण वयस्कर माणसं बोलताना तीच वापरतात. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूरचा उपास म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम फाल्गुनाच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं करतात. एखाद्या जमातीचा सगळा इतिहास तिच्या स्वयंपाकघरातून वाचता येतो असं मला वाटतं, पण तो विषय वेगळा.

बिरड्याच्या सणाला आनंदाचं गाणं कोणाकडे मागू नका. त्या दिवशी खाली बसून, पडेल आवाजात विलापगीतं वाचतात. वल्हांडण, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण, त्यानंतरच्या आठवड्यांतही लग्नं सहसा काढत नाहीत, तेव्हा वाजतगाजत काही ऐकायला मिळेल या आशेने त्या काळात जाऊ नये.

उलट नव्याच्या सणाआधीचा एलूल महिना नवख्या कानाला फार सोयीचा. पहाटे उठून क्षमायाचनेच्या ‘सलीहोथ’ म्हणतात. जुन्या पिढीत या महिन्याला चक्क रमजान म्हणत. त्यातलं एक गाणं वर्णमालेच्या क्रमाने देवाची विशेषणं घेत जातं आणि प्रत्येक कडव्याला सगळे मिळून उत्तर देतात: ‘हातानू लेफानेखा, राहेम आलेनू’, म्हणजे तुझ्यापुढे चुकलो, आमच्यावर दया कर. तिसऱ्या कडव्यापर्यंत तुम्हीही म्हणायला लागता. काकड आरतीला देवळात उभं राहिलेल्याला ती हवा ओळखीची वाटेल.

२. दहाबारा शब्द

प्रार्थनास्थळाला पुस्तकात सिनेगॉग म्हणतात, पण जुने लोक ‘मशीद’ म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिथल्या शाआर हारहामीम या १७९६ सालच्या, मुंबईतल्या पहिल्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. प्रार्थना चालवणारा तो हझान. तो ज्या चौथऱ्यावर उभा राहतो तो तेवा. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट हेखाल. शनिवार म्हणजे शब्बाथ, शेवटी ‘थ’. हिब्रू धार्मिक गीत म्हणजे पियूत. प्रेषित म्हणजे नाबी, म्हणून एलियाहू हन्नाबी. आणि ‘आमेन’ तर ठाऊक असेलच. ते कधी म्हणायचं हे शेजारच्याकडे बघून कळतं.

एवढ्यावर भागतं. हिब्रू लिपी लगेच शिकायला बसू नका. पुष्कळ घरांत हिब्रू गाणी देवनागरीत उतरवलेली सापडतात.

३. शुक्रवारची संध्याकाळ

पहिलं ऐकणं शुक्रवारी करावं. ठाण्याचं शाआर हशमाईम (१८७९) किंवा अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ यांपैकी जे जवळ असेल ते. आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर या जागांना पोलीस पहारा असतो, अचानक दारात उभं राहिलात तर कोणालाच बरं वाटत नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो. बायका वेगळ्या बसतात, पुष्कळदा वर सज्जात.

आता माझी फजिती. पहिल्या शुक्रवारी मी सज्जात बसून मुकाट्याने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा लागला तसा शेजारच्या आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, ‘बाळ, आज नको.’ शब्बाथ सुरू झाला की फोन, फोटो, रेकॉर्डिंग, लिहिणं, सगळं बंद. वाद्यंही नाहीत. म्हणजे जे काही आहे ते गळ्यातून येणार, आणि तुम्ही ते डोक्यात साठवून घरी न्यायचं.

त्या संध्याकाळी ‘लेखा दोदी’ नक्की म्हणतात. सोळाव्या शतकात आताच्या इस्राएलमधल्या साफेद नावाच्या गावच्या श्लोमो अल्काबेत्झने लिहिलेलं हे गाणं शब्बाथला नवरी मानून तिला सामोरं जातं. पहिल्या आठ कडव्यांची पहिली अक्षरं जोडली की हिब्रूत ‘श्लोमो हलेवी’ असं कवीचं नाव होतं. आपले संत शेवटच्या चरणात नाममुद्रा घालतात, यांनी ती उभी पेरली. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे तोंड करतात. हे ठाऊक नसेल तर तुम्ही एकट्याच हेखालाकडे बघत राहाल. मी राहिले होते.

शब्द जगभर तेच, चाल मात्र गावागणिक बदलते. हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं सोपं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकातला इस्राएल नजारा हा कवी तर तुर्की आणि अरबी गाण्यांच्या चाली उचलून त्यांवर हिब्रू शब्द बसवायचा. म्हणून एखादं पियूत ऐकताना ‘ही चाल आपल्याकडची वाटते’ असं मनात आलं, तर तो तुमचा भास नसेल.

प्रार्थना संपल्यावर लोक एकमेकांशी ‘हातबोशी’ करतात: समोरच्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. तुमच्यापुढे हात आला तर घ्या, संकोच नको. मग किद्दुश, म्हणजे द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचं आशीर्वचन, होतो. बेने इस्राएल घरांत त्यासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात.

४. मलिदा

इथे थांबा. बाकी सगळं राहून गेलं तरी मलिद्याचं बोलावणं आलं तर रजा टाकून जा.

एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलमधला प्रेषित एलिया, हा जगभरच्या ज्यूंना जवळचा. पण बेने इस्राएलांनी त्याला जसं घरातलं करून घेतलं तसं दुसऱ्या कोणी केलेलं मला माहीत नाही. अलिबागजवळच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. तिथून तो आकाशात गेला म्हणतात. त्या जागेला ‘एलियाहू हन्नाबीचा टप्पा’ म्हणतात आणि लोक नवस फेडायला तिथे जातात. नवसाला पावणारा तो एलियाहू. मूल झालं, परीक्षा पार पडली, नवं घर घेतलं, आजारी माणूस उठून बसला, लग्न ठरलं, की मलिदा. शिवाय शवात महिन्याच्या पौर्णिमेला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, त्याचा खास दिवस असतो.

मोठं ताट येतं. मधे भिजवलेल्या पोह्यांचा ढीग, त्यात ओला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. भोवती फळं, बहुधा पाच प्रकारची: केळी, सफरचंद, खजूर, जे हंगामात असेल ते. बाजूला गुलाब किंवा सब्जाची डहाळी, वासासाठी. ठाण्यात एका मैत्रिणीकडच्या मलिद्याला मी स्वयंपाकघरात नारळ खवायला बसले होते. तिची आई दर दोन मिनिटांनी येऊन पोहे बोटांनी दाबून बघायची: ‘गच्च नकोत, एलियाहू यायच्या आत मऊ पडायला हवेत.’ हे ती अगदी साध्या स्वरात म्हणाली, पाहुणे यायच्या आत पोळ्या व्हायला हव्यात म्हणावं तसं.

मग ताटाभोवती सगळे बसतात आणि एलियाहूचं हिब्रू गाणं सुरू होतं. हझान किंवा घरातला जाणता पुरुष कडवं उचलतो आणि धृपदाला सगळ्यांचा आवाज येतो. पहिल्या खेपेला तीनच गोष्टींकडे कान द्या.

एक, धृपद. त्यात ‘एलियाहू हन्नाबी’ हे नाव परत परत येतं, तेवढं पकडून तुम्ही सामील होऊ शकता. कोणी अडवत नाही, उलट खूश होतात.

दुसरं, लय. सुरुवातीला सावकाश असते, मग कोणाचा तरी तळवा मांडीवर पडायला लागतो आणि मागे बसलेल्या बायका ती हळूहळू वाढवतात. हझान कडव्याच्या सुरुवातीला पुन्हा मागे ओढतो, त्या पुन्हा पुढे नेतात. भजनात टाळकरी आणि बुवा यांच्यात जी ओढाताण चालते ना, अगदी तीच.

तिसरी गोष्ट म्हणजे उच्चार. ‘नावी’ की ‘नाबी’, ‘त’ की ‘थ’, यावरून म्हणणारा इस्राएलमध्ये राहून आलाय की पेणच्या घरात वाढलाय हे कळायला लागतं. एकाच खोलीत दोन्ही उच्चार ऐकू येतात आणि कोणी कोणाला दुरुस्त करत नाही.

गाण्यानंतर आशीर्वादाची वचनं म्हणतात. त्यांत उत्पत्तीच्या पुस्तकातलं ‘देव तुला आकाशाचं दव देवो’ या अर्थाचं वचन असतं. मग फळांवरचे आशीर्वचन: झाडाच्या फळाचं वेगळं, जमिनीतून येणाऱ्याचं वेगळं, सुगंधाचं वेगळं. केळं यांच्या हिशेबात झाडाचं फळ नाही, त्याचं आशीर्वचन जमिनीच्या पिकाबरोबर. (आपल्याकडेही केळीला झाड म्हणावं की नाही हा वाद आहेच.) प्रत्येकाला ‘आमेन’. हे सगळं संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, समोर कितीही खोबरं दिसत असलं तरी. नंतर मात्र नको म्हणायचं नाही. प्रसादाला कोणी नको म्हणतं का?

५. लग्न: नवरदेवाला गावं लागतं

लग्नाचं आमंत्रण मिळालं तर आदल्या रात्रीची मेहंदी चुकवू नका. तिथे बायकांचं राज्य. मराठी गाणी, चिडवाचिडवी, मधेच एखादं जुनं हिंदी सिनेमातलं गाणं, परत मराठी. ‘यात ज्यू काय आहे?’ असं माझ्याबरोबर आलेल्या एकाने विचारलं होतं. मेहंदी लावलेली मुलगी ज्यू आहे, गाणाऱ्या मावश्या ज्यू आहेत, आणि त्यांना दुसऱ्या कोणत्या भाषेत चिडवता येत नाही. आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये चित्र पालटतं. नवरदेव तेव्यावर उभा राहतो. पांढऱ्या साडीतली नवरी दारातून येऊ लागते आणि तो स्वतः हिब्रूत गातो: ‘योनाती झीव’. योनाती म्हणजे माझी पारवी. हझान मदतीला असतो, समाज साथ देतो, पण आवाज नवरदेवाचा लागायला हवा. ज्याला आंघोळीतसुद्धा गायला लाज वाटते अशा मुलालाही सुटका नाही. माझ्या ओळखीचा एक जण महिनाभर लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ओठ हलवत होता. समोरच्या प्रवाशांना वाटायचं बायकोशी भांडतोय. लग्नाच्या दिवशी पहिली ओळ बेसूर लागली. दुसऱ्या ओळीला सगळ्या बाकांवरून आवाज आले आणि त्याला उचलून धरलं.

म्हणून लग्नात गायकी ऐकायला जाऊ नका. एक माणूस अडखळला की बाकीचे किती पटकन आत येतात, ते ऐका.

६. कीर्तन आणि वह्या

१८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी कीर्तन उचललं. हिंदू कीर्तनं ते ऐकतच होते. साचा तोच ठेवला: पद, ओवी, साकी, दिंडी, आर्या, मधे निरूपण. आख्यानं अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, एस्तेर राणीची. ज्या समाजाला हिब्रू बायबल वाचता येत नव्हतं त्याला आपलाच धर्म आपल्या भाषेत, रात्रभर बसून ऐकायला मिळाला. त्याच शतकात भाषांतरंही झपाट्याने झाली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली शिळाछापावर निघाली. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. पण पुस्तक एकट्याने वाचायचं, कीर्तनाला गर्दी लागते. माझ्या मते समाजाला मराठीतून ज्यू राहायला शिकवलं ते कीर्तनाने जास्त.

आता पूर्ण कीर्तन क्वचितच ऐकायला मिळतं. त्यातली पदं सुटी होऊन बायकांच्या वह्यांत गेली. शाळेच्या दोनशे पानी वह्या, शाईचा पेन, कडेला तेलाचा डाग, गाण्याच्या वर कंसात ‘चाल’ आणि पुढे एखाद्या नाट्यपदाचे किंवा सिनेमातल्या गाण्याचे दोन शब्द. ही वही पाहायला मिळणं हे तुमच्या शिकण्यातलं खरं मोठं पाऊल. मागायची कशी? पहिल्या भेटीत मागायची नाहीच. दोनतीनदा जा, भांडी उचला, नारळ खवा. मग एखादं पद आवडलं असं सांगा. वही आपोआप येते.

वही हातात आली की चाल आधी ओळखा, अर्थ नंतर. ज्या गाण्याची चाल घेतलीय ते ऐकून या आणि मग शब्द त्यावर बसवून बघा. मोशे आणि तांबडा समुद्र साकीच्या चालीत उभा राहिला की पुस्तकातली वीस पानं वाचून कळणार नाही ते कळतं. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. आणि कुठेही टाकू नका. ही खाजगी मालमत्ता आहे, कोणाच्या तरी आईचं अक्षर आहे.

७. समुद्रापलीकडे

१९४८ नंतर बहुतेक समाज इस्राएलला गेला. लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांत बेने इस्राएल वस्ती आहे, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघालं आणि मलिदा तर होतोच. इथे २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आत ज्यू उरले. म्हणजे ऐकण्यासारखं पुष्कळ काही तिकडे आहे. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात भारतीय ज्यूंच्या गाण्यांची जुनी मुद्रणं आहेत आणि त्यातली काही घरबसल्या ऐकता येतात. पण दोनचार प्रत्यक्ष बैठका झाल्यावरच तिकडे वळा. मग मुद्रणात मागून येणारी भांड्यांची आदळआपटही ओळखू येते.

८. स्वतः म्हणायची वेळ

हिब्रू गाण्यात देवाचं नाव येतं. सराव करताना ते जसंच्या तसं उच्चारायचं नाही, त्या जागी ‘हाशेम’ म्हणायचं, म्हणजे ‘ते नाव’. प्रत्यक्ष प्रार्थनेत मात्र पूर्ण नाव. घरी गुणगुणतानाही ही सवय ठेवलीत तर कोणाचं मन दुखावणार नाही. काही सनातनी पुरुष बाईचं एकटीचं गाणं ऐकत नाहीत; तसं कोणी बसलेलं असेल तर बायकांनी समूहात म्हणावं किंवा सरळ यजमानीणबाईंना विचारावं. बेने इस्राएल घरांत मला अजून कोणी गप्प बसवलेलं नाही.

आणि तुम्हालाही गायला सांगतील याची तयारी ठेवा. ठाण्याच्या त्या मलिद्यानंतर ताट रिकामं झालं, चहा आला आणि मैत्रिणीची आई म्हणाली, ‘आता तुझ्याकडचं काहीतरी होऊ दे.’ मला अभंग सुचेना. आजीची जात्यावरची एक ओवी आठवली, माहेरची वाट आणि आंब्याचं झाड असलेली. म्हटली. दोन सेकंद कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या थोरल्या काकूंनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला, मला ओवी पुन्हा सावकाश म्हणायला लावली आणि उतरवून घेतली. वर कंसात लिहिलं: चाल, जात्यावरची.